सीनू, क्ष कुठं ठेवायचा

ये सीनू, बस असा समोर. तो फोन आधी उलटा ठेव. दारातच उभं राहून "पाच मिनिटं ओ मावशी" म्हणायची तुझी खोड मला कधीच आवडली नाही. आलास की बसायचं. खुर्चीच्या कडेला टेकायचं नाही, पाठ लावून बसायचं. तुला रागवायला घरात दुसरं कुणी नव्हतं. तुझी अम्मा तेलुगूत लाड करायची आणि बायको, रेणुका, रागावली की बोलणंच बंद करायची. मग रागवायचं काम वरच्या मजल्यावरच्या मावशीकडं आलं. ते मी मनापासून केलं. तरी एवढं रागावूनही तू ऐकलं काहीच नाहीस, आणि न सांगता उठून गेलास.

महिना होत आला. तुझ्यावर लई लिहून येतंय. सकाळी चष्मा लावून, फोनकडून मराठी करून घेऊन मी एकेक वाचते. जगातून कुठून कुठून येतं. जोडलेले हात, मेणबत्त्यांची चित्रं. एकानं तुला थोर म्हटलंय. त्याचं नाव मी ओळखलं. गेल्या उन्हाळ्यात ह्याच माणसानं तुला लिहिलं होतं की झेपत नसेल तर सोडून दे, दुसरं कुणी करील. ते वाचलंस तेव्हा तू माझ्याच घरी होतास. पुढ्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होती, ती तशीच ठेवून एका हातानं उत्तर लिहायला लागलास. 'धन्यवाद, तुमचं बरोबर आहे, या आठवड्यात बघतो.'

मी म्हणाले, "त्यानं तुला शिव्या घातल्या आणि तू धन्यवाद कशाचं म्हणतोस?"

"शिव्या कुठं ओ मावशी. वैतागलाय बिचारा. त्याचं काम अडलंय की."

"आणि तुझी भाकरी अडलीया ती?"

तू हसलास. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

आता हे दुसरं कुणी वाचेल, त्यांना कळावं म्हणून थोडं सांगते. तू जरा गप्प बस. तू कॉम्प्युटरवर चालणारं एक हत्यार बनवलं होतंस. माणसानं साध्या अक्षरांत माहिती लिहायची, कुठलंही यंत्र, औषध, शेती, काहीही. तुझं हत्यार त्याची पानं बांधून द्यायचं, मथळे लावायचं, मागं सूची जोडायचं. कागदावर छापा, नाहीतर फोनवर वाचा. फुकट, आणि आत काय आहे ते सगळं उघडं. कुणीही बघावं, बदलावं, चूक काढावी. वडील मागावर कापड विणायचे, म्हणून उभ्या सुतातून आडवं सूत नेणाऱ्या धोट्यावरून तू त्याला 'धोटा' नाव दिलंस. परदेशातली माणसं 'डोटा डोटा' म्हणायची आणि तू एकालाही सुधारलं नाहीस. मी विचारलं तर म्हणालास, "येतंय तर खरं. नाव काही का घेईना." कंपन्यांनी आपली जाडजूड पुस्तकं त्याच्यावर बांधली. तू दिवसभर दुसऱ्याच एका कंपनीत हिशेबाची कामं करायचास आणि संध्याकाळी घरी आलास की ह्या लोकांच्या अडचणी घेऊन बसायचास. पगार त्या कामाचा, जीव ह्या कामात.

मी ह्यात कशी आले ते तुला आठवत असेल. मी सातवी शिकलेली. माळशिरसकडं आमच्या बायकांचा गट होता. उसाची, जमिनीची, खतांची आपल्या बोलीत एक पुस्तिका करावी असं आमच्या मनात होतं. मी जुळे सोलापुरात मुलाकडं राहायला आले तेव्हा ती सगळी माहिती वह्यांमधून फोनवर टाईप करून ठेवली होती, एका बोटानं. लिफ्टमध्ये तुला विचारलं, बाबा ह्याचं पुस्तक कसं होतं. तू म्हणालास, "करू की ओ मावशी, मी आहे की." हे तुझं 'मी आहे की' मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं आणि मला लई बरं वाटलं. पुढं ते तू जगाला सांगत सुटलास.

पुस्तिका झाली, छापली, गावी पाठवली. आठवड्याभरात तिकडून सुमनचा फोन. गटात बोलायला तीच सगळ्यात पुढं.

"ताई, सगळं ब्येस झालंय, पर क्षारपड जमिनीचं इसरलात की."

"इसरलो न्हाय. अख्खं प्रकरण हाय त्याच्यावर."

"मग मागच्या यादीत कुटं हाय? हुमणीवर यादी संपली. फुडं कायच न्हाय."

मी पुस्तिका काढून बघितली. खरंच, सूची हुमणी किडीवर संपत होती. ह च्या पुढं कोरं पान. आमच्या बायकांनी त्या कोऱ्या पानावर शाईच्या पेनानं 'क्षारपड' लिहून पुढं पानाचा आकडा टाकला होता. प्रत्येक पुस्तिकेत. गटाच्या बैठकीतच बसून लिहिलं म्हणे सगळ्यांनी मिळून. शाळेतल्या तक्त्यावर ह हत्तीचा, मग बाळातला ळ, मग क्ष, मग ज्ञ, असं शिकलेली माणसं आम्ही. क्ष शोधायचा तर शेवटून शोधायचा, एवढंच आम्हाला माहीत. आणि तुझ्या धोट्यानं तो नेऊन ठेवला होता क मध्ये. कोळपणी आणि खोडकीड ह्यांच्या मध्ये, अंग चोरून.

तुझ्याकडं आले आणि चांगली भांडले. तू शांतपणे सांगितलंस की क ला ष जोडला की क्ष होतो, यंत्राला तो क च दिसतो, आणि बऱ्याच कोशांतही तो क मध्येच असतो. मी म्हणाले, कोश बघून शेती करतं का कुणी? तू पुस्तिका उघडून ते शेवटचं पान बघितलंस. मग म्हणालास, "दोन्ही बरोबर आहे ओ मावशी. मग दोन्ही ठेवू." आणि धोट्यात एक कळ बसवलीस. ती दाबली की सूची शाळेच्या क्रमानं लागते. कळीला काही नाव द्यावं लागतं म्हणे. तू नाव दिलंस 'मावशी'.

मला हे कळलं ते एका परदेशी माणसानं विचारलं म्हणून. ही 'मावशी' काय भानगड आहे? तू त्याला लिहिलं होतंस, 'आईची बहीण. घरात एखादी वस्तू सापडली नाही तर हिला विचारतात.' ते मी सुनेकडून वाचून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी पुसत बसले. सीनू, मला आयुष्यात कुणी असं कशात बसवलं नव्हतं. त्यानंतर मी तुमच्या त्या मंडळीत आलेच. नवीन लोकांना मराठीत, हिंदीत उत्तरं द्यायची. कसं सुरू करायचं त्याचं पान मी लिहिलं, ते आजही आहे. कुणी विचारलं की तुम्ही कोण, तर सांगायची, मी ती मावशी. पासष्टीनंतर बाईला नवी ओळख मिळते का कुठं? मला मिळाली. ह्याचे उपकार मी विसरणार नाही, एवढं आधी सांगून ठेवते, कारण पुढचं तुला गोड लागणार नाही.

ती कळ तुला महागात पडली. धोटा मोठा झाला. मार्ता आली, तिकडं पोर्तुगालात बसून तुझ्याइतकंच काम करणारी. तिनं आणि आणखी काहींनी आतलं सगळं नव्यानं विणायला घेतलं. वेग वाढेल, चुका कमी होतील, आणि मुख्य म्हणजे एकट्या तुझ्यावाचून काही अडणार नाही. सूची लावायचं नवीन काम सगळ्या जगाचा जो नियम आहे त्याच्यावर चालणार होतं. त्यात 'मावशी' बसत नव्हती. दर वेळी ते काही बदलायचे, दर वेळी मावशी मोडायची, आणि दर वेळी तू बसून तिला पुन्हा जोडायचास. नवीन धोटा तयार होऊन पडलेला, आणि बाहेर येत नाही, कारण सीनूची मावशी आत अडकलीय. लोक काय काय बोलले ते मी वाचलंय. कुणी म्हणालं, चार माणसं वापरतात त्या कळीसाठी हजारोंना का थांबवता? तू सगळ्यांना एकच लिहायचास. बघतो. मी आहे.

मीच तुला सांगितलं, काढून टाक ती. एकदा नाही, वर्षभर सांगितलं. आपल्याकडं पाणी यायच्या दिवशी तू मोटार लावायला गच्चीवर यायचास, तिथं टाकी भरेपर्यंत हीच भांडणं. शेवटचं तर जिन्यातच झालं.

"माझ्यासाठी ठेवली असशील तर काढ," मी म्हणाले. "मला नावाची हौस न्हाय."

"तुमच्यासाठी नाहीच ओ मावशी ती."

"मग कुणासाठी हाय?"

"जी बाई शेवटचं पान उघडून बघती आणि म्हणती, आपलं राहिलंच की, तिच्यासाठी."

"त्या बायका आता ठिबकची मोटार फोनवरनं चालू करत्यात. त्यास्नी क मधी क्ष सापडणार न्हाय व्हय? तू त्यांची कीव करतोस, सीनू. शिकतील की त्या."

"शिकतीलच ओ. सगळं त्यांनीच शिकायचं. मोटारीचं त्यांनी शिकायचं, बँकेचं त्यांनी शिकायचं, आता अक्षरंबी दुसऱ्याच्या क्रमानं शिकायची. एक तरी गोष्ट त्यांच्यासारखी असू दे की कुठं."

"आणि त्यापायी तू मरणार?"

तू वळलास. मी तुला तसा चिडलेला कधी पाहिला नव्हता. म्हणालास, "मावशी, तुम्हीच असं बोलायला लागलात तर मग मी..." आणि फोन वाजला. तू तो घेतलास, घेतलासच, आणि बोलत बोलत खाली उतरून गेलास. मागं वळूनसुद्धा बघितलं नाहीस. त्याच आठवड्यात तुला ऑफिसातून परस्पर दवाखान्यात नेलं. मी भेटायला निघाले तोवर भेटण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

'तर मग मी...' पुढं काय, सीनू? सोडून देईन? एकटा पडेन? का कुणासाठी करतोय तेच कळणार नाही? मी सगळी वाक्यं लावून बघितली. एकही बसत नाही. तुला आलेला तो फोन कुणाचा होता तेही मला माहीत आहे. कुणाचं तरी पान नीट छापलं जात नव्हतं.

आता तू गेल्यानंतरचं ऐक. हे तुला दुसरं कुणी सांगणार नाही.

तुला शेवटचं नेलं त्या दिवशी अम्मा माझा हात धरून बसली होती. रडून रडून तिचा आवाज बसलेला. मला म्हणाली, "मावशीबाई, पोरगा म्हणत होता, माझी लई माणसं हायती, सगळ्या जगात हायती. मग खांदा द्यायला हे तुमचं पोरगं आणि शेजारचीच पोरं कशी? ती माणसं कुठं हायती?" मी काय सांगू तिला? की ती माणसं फोनमध्ये मेणबत्त्या लावतायत? मी म्हणाले, लांब राहतात अम्मा, येतील. खोटं बोलले. तुझ्यापायी मी त्या माउलीशी खोटं बोलले.

रेणुका अजून माझ्याशी धड बोलत नाही. तेराव्यानंतर मी डबा घेऊन खाली गेले, तर दारातच म्हणाली, "मावशी, तुमच्या धोट्यानं खाल्लं त्यांना." 'तुमच्या' म्हणाली. मी डबा कट्ट्यावर ठेवून परत आले. तिच्यावर रागावले नाही. बरोबरच आहे तिचं. पोरीला शाळेतून आणायला तू कधी वेळेवर गेलास? लग्नाच्या वाढदिवसाला हॉटेलात जेवायला बसून कुण्या ब्राझीलवाल्याला उत्तर लिहीत होतास, हे तिनंच मला एकदा हसत सांगितलं होतं. तेव्हा हसत होती.

आणि दहाव्याच्या दिवशी काय झालं ते सांगू? आम्ही नदीवरून आलो, आंघोळी झाल्या. मी सवयीनं फोन उघडला. कुणीतरी नवीन माणूस, त्याला काहीच माहीत नाही, त्यानं विचारलं होतं, 'बरेच दिवस काही हालचाल दिसत नाही. हा प्रकल्प मेला आहे का?' तुम्हा लोकांत हे नेहमीचं बोलणं आहे, मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी ते शब्द माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात. ओल्या केसांनीच बसून मी उत्तर लिहिलं, मराठीत. 'प्रकल्प जिवंत आहे. माणूस गेला. तुमची अडचण काय आहे ती लिहा.' त्यानं तासाभरात माफी मागितली, आणि खाली आपली अडचण लिहिली. लिहिली बरं का. मी ती सोडवूनही दिली. मग गॅलरीत जाऊन बसले. वाटलं, सीनू असाच संपला असेल. अशा एकेका सभ्य माणसाच्या एकेका लहानशा अडचणीनं. शिव्या देणाऱ्यांनी नाही मारलं तुला. धन्यवाद म्हणून पुढची अडचण लिहिणाऱ्यांनी मारलं. त्यांच्यात मीपण आहे, बाकीचेही आहेत, आणि सगळ्यात वर तू स्वतः आहेस. 'मी आहे की' म्हणणाऱ्या माणसाच्या मागं कुणी उभं राहत नाही, सीनू. लोकांना वाटतं, हा आहे की.

एक गोष्ट तेवढी माझी ऐकली होतीस. धोट्याच्या किल्ल्या, ते पासवर्ड का काय ते, मार्ताकडंही दिल्या होत्यास. नाहीतर धोटा तुझ्याबरोबरच गेला असता. त्याबद्दल तुला शाबासकी द्यायची राहिली होती, ती आता घे.

परवा मार्ताचं पत्र आलं. पोरगी भली आहे. तिनं यंत्राकडून मराठी करून घेतलं होतं, वाकडंतिकडं, पण मनापासून. म्हणते, नवीन धोटा तयार आहे. फक्त 'मावशी' राहिली आहे. ती कशी जोडायची ते सीनूलाच माहीत होतं. आम्ही सगळ्यांनी बसून बघितलं, जमलं नाही. कुणी पुढं होऊन ती कायमची सांभाळायला तयार नाही. काढायची तर तुम्हाला विचारल्याशिवाय काढणार नाही, ते तुमचं नाव आहे. तुम्ही सांगाल तसं करू.

बघ, केवढा मान. तुझ्या माघारी मला केवढा मान.

माझं उत्तर ठरलेलं आहे. काढा. वर्षभर तुला जे सांगत आले तेच. तू गेलास म्हणून मी मत बदलावं, डोळे पुसत 'नको गं, राहू दे, सीनूची आठवण आहे' म्हणावं, असं लोकांना वाटत असेल तर वाटो. आठवण म्हणून एखाद्याच्या गळ्यात दगड बांधायचा नसतो. उद्या मार्ता दर वेळी बसून ती जोडत राहिली तर तिकडं तिच्या आईनं कुणाचा हात धरायचा? सुमनला मी विचारलं. सगळं समजावून सांगितलं, सीनू गेला, आता ते क मध्ये जाणार. ती म्हणाली, "जाऊ द्या ताई. ह च्या फुडं एक वळ छापा म्हणावं, क्ष बघायचा तर क मधी बघा म्हणून. आमी बघू." म्हणजे मी म्हणत होते ते खरं निघालं, त्यांना जमतं. आणि मग म्हणाली, "पर त्या पोरानं आमच्यासाठी एवढं केल्यालं, आमाला कदी सांगितलं न्हाय तुमी." म्हणजे तूही खरा निघालास. आता काय करायचं?

उत्तर लिहून ठेवलंय. 'काढा. ह नंतर एक ओळ छापा.' खाली सही केली, मावशी. दोन दिवस झाले, ते तसंच पडलंय. पाठवायचं बटण समोर आहे. हे काही रडणं नाही, तसं समजू नकोस. मला राग येतोय. इतकं मोठं भांडण, आणि तू बाजू न मांडता उठून गेलास. समोर कुणी नसताना जिंकायची मला सवय नाही. तू जिन्यात उभा राहून चार गोष्टी सुनवल्या असत्यास, मी पाच सुनवल्या असत्या, आणि मग मी हे बटण छाती पुढं काढून दाबलं असतं.

मार्ताला मी रविवारपर्यंत थांब म्हणाले आहे. का ते तिला सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही.

तेव्हा ये. स्वप्नात ये, जिन्यात ये, तुला जसं जमेल तसं ये. अम्माकडं आणि रेणुकेकडं आधी जा, तो त्यांचा हक्क आहे, तिथं बस, पोरीला जवळ घे. पण रविवारच्या आत एकदा वर ये. माझं काय चुकलं ते तोंडावर सांग. सांगता आलं नाही तर नुसता भांडायला ये. दार लोटलेलंच असतं. लवकर ये.